आंबा संपल्यावर, गणपतीच्या आत

खांदा कॉलनीत ज्यांची मुलं परदेशी स्थायिक झाली, त्यांची आडनावं हळूहळू झिजत जातात आणि त्या जागी मुलाच्या गावाचं नाव येऊन बसतं. आमच्याकडे विनिपेगच्या काकू आहेत, व्हँकुव्हरचे अण्णा आहेत, कॅल्गरीचे भाऊ आहेत. टोरांटोच्या वहिनींचा मुलगा खरं तर मिसिसागाला राहतो. पण तो शब्द उच्चारताना वहिनींची कवळी हलते, म्हणून टोरांटो. माझी मुलगी ठाण्याला असते. 'ठाण्याचे' म्हणून मला कोणी हाक मारत नाही.

ही मंडळी संध्याकाळी खांदेश्वराचं दर्शन घेऊन तलावाच्या कडेला बाकावर बसतात. ज्याला कोणाला कॅनडाचा व्हिसा मिळतो, तो पासपोर्ट घरात ठेवून आधी या बाकाकडे येतो. प्रश्न ठरलेला असतो.

"कॅनडात हवा कशी असते हो?"

"पाऊस," अण्णा म्हणतात. "छत्री दोन घ्या. एक वाळेपर्यंत दुसरी."

"छत्री कशाला? पापण्या गोठतात तिथे," काकू म्हणतात.

"गोठतात, पण सकाळी," भाऊ सांगतात. "दुपारी माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरतात."

"मला तर एसीशिवाय झोपच येईना," वहिनी म्हणतात.

विचारणारा चौघांच्या तोंडाकडे बघत राहतो. चौघांतलं कोणीही थाप मारत नसतं. प्रत्येक जण आपल्या मुलाच्या खिडकीतून जेवढा दिसला तेवढा कॅनडा सांगत असतो, आणि तोसुद्धा ज्या महिन्यात दिसला त्या महिन्याचा.

आता आपलंच बघा. 'रायगड जिल्ह्याला रेड अलर्ट' अशी बातमी येते आणि खांदेश्वर स्टेशनबाहेर रिक्षावाले ऊन लागतं म्हणून आडोशाला उभे असतात. इशारा तिकडे महाड-पोलादपूरकडे तंतोतंत खरा ठरत असतो. पण जिल्हा एकच, त्यामुळे नागपूरची बहीण काळजीने फोन आपल्यालाच करते. मानसरोवर आणि पनवेल यांच्यामध्ये एकुलतं एक स्टेशन आहे, ते आमचं. तरी मानसरोवरला गाडी भिजते आणि पनवेलला कोरड्या फलाटावर उभी राहते. जिल्ह्याची ही तऱ्हा, तर कॅनडाचं क्षेत्रफळ ९९ लाख ८५ हजार चौरस किलोमीटर आहे. त्यात महाराष्ट्र बत्तीस वेळा मावतो. पूर्व टोकाच्या सेंट जॉन्सहून व्हँकुव्हरपेक्षा आयर्लंड जवळ पडतं. घड्याळं सहा प्रकारची, आणि त्यातही न्यूफाउंडलंडचं घड्याळ शेजाऱ्यांपेक्षा अर्ध्या तासाने पुढे. अर्ध्या तासाचा हट्ट धरणारे जगात आपण एकटेच नाही, हे कळल्यावर अण्णांना फार बरं वाटलं होतं.

एवढ्या देशाला एकच हवा कशी पुरणार? युकॉनमधल्या स्नॅग या ठिकाणी ३ फेब्रुवारी १९४७ रोजी पारा उणे ६३ अंशांवर गेला होता. आणि त्याला लागून असलेल्या ब्रिटिश कोलंबियात, लिटन नावाच्या गावी, २९ जून २०२१ रोजी तो ४९.६ वर चढला. हा आकडा ऐकून चंद्रपूरचा माणूसही कौतुकाने मान डोलावेल. दुसऱ्याच दिवशी वणव्यात ते गाव बहुतेक सगळं जळून गेलं. एका देशाच्या थंडी-उन्हात ११२ अंशांहून जास्त अंतर. आमच्याकडे डिसेंबरात पारा सतरावर आला तरी स्वेटर घातलेले लोक एकमेकांना थांबवून अभिनंदन केल्यासारखे बोलतात.

अण्णांच्या पावसाबद्दल मात्र मला आदरपूर्वक शंका आहे. व्हँकुव्हरला वर्षाकाठी साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईने २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झेलला होता. व्हँकुव्हरचे नऊ महिने आपण चोवीस तासांत उरकले म्हणा ना. पण अण्णा म्हणतात, प्रश्न किती पडतो याचा नाही, किती वेळ लावतो याचा आहे. तिथला पाऊस दीडशेहून अधिक दिवस पुरवून पुरवून पडतो. नोव्हेंबरात सुरू झाला की थांबलाय की चालू आहे हे समोरच्याच्या चष्म्याकडे बघून ठरवावं लागतं. पनवेलच्या बाजारातून घेतलेली लांब दांड्याची काळी छत्री अण्णांनी तिथे उघडली, तेव्हा रस्त्यावरची तरुण मुलं कौतुकाने बघत होती. ती मुलं नुसत्या टोप्या ओढून भिजत चालली होती. एवढ्याशा पावसाला छत्री उघडणं त्यांना भित्रेपणाचं वाटतं, असं मुलाने अण्णांना घरी आल्यावर हळूच सांगितलं.

त्याच किनाऱ्यावर समोर बेटावर व्हिक्टोरिया आहे. तिथे हिवाळा असा फारसा येतच नाही. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उरलेला देश फावडी घेऊन बर्फ उपसत असतो, तेव्हा व्हिक्टोरियाचे लोक आपल्या बागांतली फुलं मोजतात आणि तो आकडा, अब्जांत, जाहीर करतात. फुलं खरोखर कोण मोजतं कोण जाणे. मुख्य हेतू विनिपेगच्या नातेवाइकांना फोन करणं हा असावा. हा मनुष्यस्वभाव मला अगदी ओळखीचा वाटतो. पुण्याची माणसं मे महिन्यात "आमच्याकडे संध्याकाळी गार वारं सुटतं" असा फोन करतात ना, तोच.

भाऊंचं कॅल्गरी हे सगळ्यात भरवशाचं ठिकाण, म्हणजे तिथे कशाचाच भरवसा नाही याची खात्री असते. रॉकी पर्वतावरून चिनूक नावाचा वारा उतरतो. पलीकडच्या उतारावर ओल टाकून आलेली हवा अलीकडे खाली घसरताना दाबली जाते, तापते आणि कोरडी होऊन मैदानात येते. काही तासांत तापमान वीस अंशांनी वर जातं. त्याच भागातल्या पिंचर क्रीक या गावी जानेवारी १९६२ मध्ये एका तासात पारा उणे १९ वरून अधिक २२ वर गेल्याची नोंद आहे. अंगणातला बर्फ वितळतो, माणसं बाहेर येतात, पुष्कळांची डोकी दुखतात आणि दोन दिवसांनी पुन्हा सगळं गोठतं. भाऊ म्हणतात, तिथे कपाटाला ऋतू नसतो. सगळं एकाच खणात ठेवायचं. शिवाय सप्टेंबरातसुद्धा बर्फ पडू शकतो. २०१४ च्या सप्टेंबरात असा पडला की पानांनी भरलेली झाडं ओझ्याने मोडली. भाऊंच्या सूनबाई तेव्हा गौरींच्या आरतीची ताटं गाडीतून काढत होत्या म्हणे. पण भाऊंची तारीख-वार सांगण्याची पद्धत पाहता मी तेवढा भाग सोडून देतो.

भाऊंना हवामानाने खरा चकवा दिला तो मोरेन सरोवराला. बँफजवळचं हे सरोवर एकेकाळी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर होतं. घरी कॅलेंडरवर निळंशार पाणी पाहून भाऊ मेच्या पहिल्या आठवड्यात गेले. सरोवर पांढरंशुभ्र गोठलेलं होतं, हे त्यांना दिसलंसुद्धा नाही, कारण रस्ताच बंद होता. ती निळाई दगडाच्या पिठाची असते. हिमनदी सरकताना खालचा खडक दळत जाते आणि उन्हाळ्यात बर्फ वितळला की ते पीठ पाण्यात उतरतं. त्यावरून परतणाऱ्या उजेडाने पाणी निळं दिसतं. म्हणजे निळं सरोवर बघायचं तर जूनचा शेवट उजाडावा लागतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रस्ता पुन्हा मिटतो. २०२३ पासून तर स्वतःची गाडी नेता येत नाही, बसनेच जावं लागतं. हे ऐकून भाऊंना पहिल्यांदा कॅनडा आपलासा वाटला. "माथेरानसारखंच की! दस्तुरीला गाडी ठेवा आणि पुढे व्हा."

राहिल्या वहिनी आणि त्यांचा एसी. ऐकणाऱ्याला त्यांचंच सगळ्यात खोटं वाटतं, पण टोरांटोचा जुलै आपल्या मेच्या जातीचा असतो. पारा तीस-बत्तीस, हवेत मोठ्या सरोवरांची वाफ, आणि वारा गायब. अंगाला जाणवणारी ही उकड मोजायला कॅनडाच्या हवामानशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये ह्युमिडेक्स नावाचा आकडाच काढला. ह्युमिडेक्स चाळीसवर गेला की तिथे इशारा देतात, लोकांना बसायला गारेगार सभागृहं उघडतात, म्हाताऱ्यांची चौकशी करतात. वहिनींना हे सगळं नवलाचं वाटलं. तेवढी उकड खांदेश्वरला एप्रिल-मेमध्ये रोजच असते. फक्त आपल्याकडे तिला आकडा नसल्यामुळे कोणाला सुट्टी मिळत नाही.

आणि काकू. काकूंच्या विनिपेगबद्दल कोणी वाद घालत नाही. जानेवारीत तिथलं दिवसरात्रीचं सरासरी तापमान उणे सोळाच्या आसपास असतं आणि वाऱ्यासकट धरलं तर ते आणखी कितीतरी खाली जातं. उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचा आकडा एकच होतो. एवढ्या थंडीत भांडण्यासारखं काही उरत नसावं. पहिल्या रात्री जावयाने गाडीच्या तोंडातून वायर काढून भिंतीतल्या प्लगला लावली, तेव्हा काकांना वाटलं, गाडी विजेची आहे. गाडी पेट्रोलचीच होती. रात्रीतून इंजिन आखडून बसू नये म्हणून त्याला शेक द्यावा लागतो. "मग तेलही चोळता का?" असं काकांनी विचारल्याचं काकू सांगतात आणि काका ते नाकारतात. या काकांची तपकिरी माकडटोपी आमच्या सोसायटीत अनेक वर्षं थट्टेचा विषय होती. खांदेश्वरच्या थंडीत ती घालून दूध आणायला निघाले की पोरं मागे लागत. विनिपेगला तिचं सोनं झालं. तिथे बसस्टॉपवर सगळेच माकडटोपीत असतात आणि जो नसतो त्याच्याकडे लोक काळजीने बघतात.

पण खरी अडचण थंडीची नव्हेच, उजेडाची. जूनमध्ये विनिपेगला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. एडमंटनला दहा वाजून जातात. देवापुढे दिवा लावायचा कधी? उन्हात दिवा लावणं बरं दिसत नाही आणि मावळेपर्यंत थांबावं तर नातवंडं झोपलेली असतात, मग शुभंकरोती म्हणणार कोण? काकूंनी जूनच्या पहिल्या आठवड्यात पडदे ओढून दिवेलागण केली. संकष्टीचं तर विचारू नका. स्वयंपाकघरात खांदेश्वरहून नेलेलं 'कालनिर्णय' टांगलेलं, त्यात चंद्रोदय मुंबईचा. तिथला चंद्र उन्हाळ्यात मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, तोही आधी कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाचा दिवा चंद्र म्हणून दोनदा फसवून झाल्यावर. काकांनी हळूच सुचवलं की मुंबईचा चंद्रोदय धरून, म्हणजे तिथल्या सकाळी, उपास सोडावा. काकूंनी ते धर्माच्या नव्हे तर भुकेच्या बाजूचं मत म्हणून फेटाळलं. हिवाळ्यात उलटं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो आणि दुपारचा चहा व दिवेलागण एकदमच उरकतात.

एवढी माहिती बाकावर फुकट मिळत असताना माणसाने नीट महिना निवडून जावं, असं कोणालाही वाटेल. पण हवामान पाहून परदेशवारी ठरवणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमचा मोसम वेगळ्याच गोष्टी ठरवतात.

मुलगा सांगतो, मे महिन्यात या, ऑटवाला ट्युलिप बघू. कारण चांगलं आहे. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सचं राजघराणं तिथे आश्रयाला होतं, १९४३ मध्ये तिथेच राजकन्या मार्गरीट जन्मली आणि युद्ध संपल्यावर त्या उपकाराची आठवण म्हणून डच लोक दरवर्षी ट्युलिपचे कंद पाठवत आले. हजारोंनी नव्हे, लाखोंनी फुलं उमलतात. हा सगळा इतिहास वडील शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "अरे, पण मेमध्ये हापूस असतो." विषय संपतो. ट्युलिप खाता येत नाहीत.

मग आंबा संपल्यावर. पण आंबा संपतो तेव्हा पाऊस येतो आणि पाऊस येतो तेव्हा वरच्या खोलीचा कोपरा गळतो. तो कुठे गळतो हे पाहिल्याशिवाय घर बंद करता येत नाही. पाहून झालं की आषाढ लागलेला असतो. त्यापुढे ऑगस्टच्या शेवटी नाही तर सप्टेंबरात गणपती, आणि गणपतीत घराला कुलूप हे खांदा कॉलनीत मृत्यू वगळता कुठल्याही सबबीवर खपत नाही. म्हणजे उरला तो काळ कोणता? आंबा संपल्यावर, गणपतीच्या आत. आमच्या प्रवासाच्या एजंटालाही आता हे तोंडपाठ आहे. नेमकं याच वेळी कॅनडातल्या शाळांना सुट्टी असते, हॉटेलं भरलेली असतात आणि तिकिटाचा दर ऐकून बाकावरची बोलणी थांबतात. काळ्या माश्यांचा हंगाम मे-जूनमध्ये संपलेला असतो, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. डास मात्र असतात, आणि पनवेलच्या खाडीकाठच्या माणसाला जुमानत नाहीत. वणव्यांचा धूरही याच दिवसांत. २०२३ मध्ये दीड कोटी हेक्टरांच्या आसपास जंगल जळालं आणि जूनमध्ये धूर इतका दक्षिणेला उतरला की न्यूयॉर्कचं आकाश केशरी झालं. तो उन्हाळा वहिनींनी मिसिसागात खिडक्या लावून काढला. "धुरात बसायला एवढं भाडं कशाला भरायचं," त्या म्हणतात, "होळीच्या वेळी खाली उतरले असते."

सगळ्यात सुंदर काळ सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात, याबद्दल बाकावर चौघांचंही एकमत आहे, कारण चौघांपैकी कोणीही तो पाहिलेला नाही. दिवस लहान झाला आणि रात्री गारठल्या की मेपलच्या पानातलं हिरवं द्रव्य ओसरतं आणि लाल-केशरी उमटतं. ऑन्टारिओची उद्यानं कुठे पानं किती टक्के रंगली याचा अहवाल देतात. आपल्याकडे धरणं किती टक्के भरली हे पेपरात येतं, त्याच गांभीर्याने. मुलगा तो अहवाल फोनवर पाठवतो: अल्गॉन्क्विन, साठ टक्के. इकडे पितृपक्ष चालू असतो. नवं काही ठरवायचं नाही. वडील उत्तर पाठवतात, "उरलेली चाळीस टक्के झाली की कळव." मग घट बसतात, त्यांना पाणी कोण घालणार? मग दसरा, मग फराळ. दिवाळी होते, तुळशीचं लग्न लागतं आणि वडिलांचा फोन जातो, "आता मोकळे आहोत. पानं किती टक्के?" पानं सगळी गटारात गेलेली असतात.

तरी पुष्कळ जण नोव्हेंबरात जातात, कारण तिकीट स्वस्त असतं. ते स्वस्त का असतं, हे मात्र कोणी विचारत नाही. नोव्हेंबरात कॅनडाचे स्वतःचे म्हातारे फ्लोरिडाला आणि मेक्सिकोला पळून गेलेले असतात. झाडं निष्पर्ण, बर्फ अजून नीट पडलेला नाही, आकाश गोधडीच्या आतल्या कापडाच्या रंगाचं. नायगाऱ्याच्या नावा हंगाम आवरण्याच्या बेतात असतात, त्या पुन्हा वसंत ऋतूतच निघतात. अशा विमानांत, रिकाम्या खुर्च्यांवर, आमचे आजी-आजोबा ऐसपैस बसून उत्तरेकडे निघालेले असतात.

आणि या सगळ्या हिशेबावर मात करणारी एक गोष्ट आहे: बाळंतपण. कॅनडातला खरा मराठी पर्यटन हंगाम तोच ठरवतो. बाळ ट्युलिप बघत नाही, पानांचे टक्के बघत नाही. विनिपेगच्या काकू पहिल्यांदा गेल्या त्या फेब्रुवारीत. बॅगेत डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, दीड किलो सुंठ, आणि वजनात बसेना म्हणून बॅगेतून निघालेला काकांचा स्वेटर काकांच्याच अंगावर. घरी पोचल्यावर काकूंनी ओवा-शेपाची धुरी केली आणि छताला लावलेला धुराचा गजर असा कोकलला की शेजारची बाई पायजम्यावर उणे पंचवीसमध्ये बाहेर आली. पण एका बाबतीत काकूंना त्या देशाने मान दिला. इथे सुनेला-मुलीला कान बांध, वाऱ्यात जाऊ नकोस, पायांत मोजे घाल, गार पाणी नको असं सांगितलं की ती डॉक्टरचं नाव पुढे करते. विनिपेगच्या फेब्रुवारीत यातलं अक्षर न् अक्षर रेडिओवरून सांगत होते. बाळंतिणीने कान बांधावेत या मुद्द्यावर आजी आणि हवामान खातं यांचं संपूर्ण एकमत मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

सरकारनेही हे ओळखलेलं दिसतं. आईवडिलांसाठी त्यांचा सुपर व्हिसा आहे. २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. हवामान कळायला तेवढी लागतातच. काका सहा महिन्यांत परत आले. त्यांना बाकाची आठवण येत होती.

त्याच फेब्रुवारीत काकांनी तिथलं पंचांगही पाहिलं. २ फेब्रुवारीला ग्राउंडहॉग नावाचा घुशीहून लठ्ठ प्राणी बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे. नाही दिसली तर वसंत लवकर. ऑन्टारिओचा वायर्टन विली यात प्रसिद्ध. २०२१ मध्ये विली दिसलाच नाही. महापौरांनी केसाळ टोपी हवेत उडवून भविष्य सांगितलं, आणि विली आधीच वारल्याचं लोकांना कित्येक महिन्यांनी कळलं. क्विबेकचा फ्रेड तर २०२३ मध्ये नेमका भविष्य सांगायच्या दिवशीच मेलेला सापडला. हे ऐकून बाकावर आधी हशा झाला. मग अण्णा म्हणाले, हसू नका, आपल्याकडे मृगाचं वाहन बेडूक आहे की गाढव यावर अजून पेरणीच्या गप्पा चालतात. बेडूक, म्हैस, हत्ती असलं की भरपूर पाऊस. फरक एवढाच की आपलं वाहन छापील असतं, त्यामुळे आयत्या वेळी मरत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तिकडच्या शाळा जूनच्या शेवटी बंद होतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडतात. म्हणजे नातवंडं खांदेश्वरला येणार ती जुलैत. आपण त्यांच्या देशात नोव्हेंबरात उतरायचं आणि त्यांनी आपल्याकडे भर पावसात, असा हा दोन्ही घरांचा अलिखित करार आहे. गेल्या खेपेला कॅल्गरीचे दोन नातू आले. भाऊंनी यादी करून ठेवली होती. माथेरानला न्यावं, तर नेरळहून वर जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद. अलिबागला न्यावं, तर गेटवेहून मांडव्याच्या बोटी बंद. कर्नाळ्याला पक्षी बघायला गेले, तर पक्षी शहाण्यासारखे पानांआड बसलेले. पोरं मात्र खूश. कॅल्गरीच्या कोरड्या हवेत वाढलेली ती. दिवसभर गॅलरीत हात बाहेर काढून उभी असायची. वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस ओलाच कसा राहतो, याचा थोरल्याने वहीत तक्ता केला. शाळेत 'भारताचं हवामान' या विषयावर बोलायचं होतं त्याला. मी तक्ता पाहिला. वर मथळा: भारत. खाली सोमवार ते रविवार, प्रत्येक रकान्यात एकच ढग. राजस्थान वगैरे सांगायचा मी प्रयत्न केला. त्याने माझ्याकडे, आम्ही बाकावर वहिनींच्या एसीकडे बघायचो तसं बघितलं.

शेवटी भाऊंनी ठरवलं, निदान धबधबा तरी दाखवू. खारघरचा पांडवकडा उंचीला नायगाऱ्यापेक्षा जास्त आहे, हे भाऊ अभिमानाने आणि खरं सांगतात. नायगाऱ्याला मुलांनी निळे-लाल रेनकोट घालून नावेतून अगदी पाण्याच्या पडद्यापर्यंत जाऊन पाहिलेलं. इथे दरवर्षीप्रमाणे बुडण्याच्या भीतीने पावसाळ्यात जायला मनाई. वाटेवर बॅरिकेड, छत्रीखाली पोलीस. गाडीच्या काचेतून लांबवर डोंगरावर पांढरी रेघ दिसत होती.

"धबधबा बंद आहे?" धाकट्याने विचारलं.

"हो रे बाळा."

"का?"

भाऊंनी काच खाली केली, पुन्हा वर केली.

"पाणी आलंय ना त्याला," ते म्हणाले.